ट्रान्सप्लांटनंतर व्हायरस आणि अँटीबॉडी: कुठली टेस्ट कधी मागायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला ताप आला की बऱ्याच घरांत पहिलं काम होतं ते अँटीबॉडीच्या टेस्टचं, ती निगेटिव्ह आली की सगळे निवांत होतात आणि मग काही दिवसांनी तोच व्हायरस चांगला पसरलेला सापडतो. यात लॅबची चूक नसते, चुकीच्या कामाला चुकीची टेस्ट लावलेली असते. व्हायरस आत शिरल्यावर शरीर जे बनवतं ती अँटीबॉडी, आणि नवीन अवयव टिकावा म्हणून रोज ज्या गोळ्या चालू असतात त्या नेमकं हेच बनवणं दाबून ठेवतात. मग अँटीबॉडी दिसली नाही म्हणून व्हायरस नाही, असं कसं म्हणणार?

खाली क्रमाने लिहिलंय, काय गोळा करून ठेवायचं, ताप आला की काय मागायचं, रिपोर्टवरचा आकडा कसा बघायचा, लस कधी घ्यायची. डॉक्टरांऐवजी वाचायचा लेख नाही हा, त्यांच्यासमोर बसल्यावर नीट विचारता यावं एवढ्यासाठी आहे.

पायरी १: फाइलमधल्या दोन अँटीबॉडी आधी वेगळ्या करा

हे सगळ्यात आधी कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. ट्रान्सप्लांटच्या फाइलमध्ये एचएलए अँटीबॉडी, पीआरए, डीएसए असे रिपोर्ट असतात. या अँटीबॉडी दुसऱ्या माणसाच्या टिश्यूविरुद्धच्या, डीएसए तर थेट डोनरच्या अवयवाविरुद्धची, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तर टेन्शनची गोष्ट. व्हायरसविरुद्धची अँटीबॉडी वेगळी, ती असलेली बहुतेक वेळा चांगलीच. फोनवर नुसतं "अँटीबॉडी पॉझिटिव्ह आलीय" असं सांगितलं की पलीकडच्याला काहीच कळत नाही, म्हणून कायम पूर्ण नाव सांगायचं, कशाविरुद्धची आणि आयजीएम (आधी येणारी) की आयजीजी (नंतर येणारी, टिकाऊ). इथून पुढे फक्त व्हायरसवाल्या अँटीबॉडीबद्दल बोलतोय.

पायरी २: गोळ्यांची यादी काढा, तारखांसकट

अँटीबॉडी बनते कशी हे दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. बी सेल ही पांढरी पेशी व्हायरसचा तुकडा पकडते, पण एकटीने फार काही करू शकत नाही, तिला हेल्पर टी सेल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीची परवानगी लागते, ती मिळाली की बी सेल भराभर वाढतात, साधारण आठवड्याभरात आयजीएम दिसायला लागते, आणखी काही दिवसांनी जास्त पक्की आणि टिकाऊ आयजीजी येते. यातल्या काही सेल प्लाझ्मा सेल होऊन बोन मॅरोमध्ये जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं आयजीजी सोडत राहतात.

आता गोळ्या कुठे आडव्या येतात ते बघा. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन टी सेलचा सिग्नल बंद करतात, म्हणजे परवानगीच अडते. मायकोफिनोलेट बी आणि टी दोन्ही सेलना वाढायला लागणारा कच्चा माल तोडतं, अँटीबॉडीच्या बाबतीत रोजच्या गोळ्यांपैकी सगळ्यात जास्त अडवणारी हीच. स्टेरॉइड सगळ्यावरच थोडाथोडा हात फिरवतं. बेलाटासेप्ट चालू असेल तर बी सेल आणि टी सेलची बोलणीच होत नाहीत. सुरुवातीला किंवा रिजेक्शनच्या (शरीर नवीन अवयव नाकारतं त्या) वेळी दिलेलं एटीजी टी सेल साफ करतं, रिटुक्सिमॅब बी सेल साफ करतं आणि त्या परत यायला सहा महिने, कधी वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं.

पण एक गोष्ट यात फार कामाची आहे. बोन मॅरोत आधीच जाऊन बसलेल्या प्लाझ्मा सेलना या रोजच्या गोळ्या फारसं काही करत नाहीत, रिटुक्सिमॅबसुद्धा नाही, कारण ते ज्या खुणेला पकडतं ती खूण प्लाझ्मा सेलवर नसतेच. म्हणून लहानपणी झालेल्या गोवराची किंवा ट्रान्सप्लांटच्या आधी नीट घेतलेल्या लसीची आयजीजी पुष्कळदा टिकून राहते, आणि नवीन व्हायरसची मात्र बनता बनत नाही. पुढचे बहुतेक सल्ले या एका फरकातून निघतात.

किती फरक पडतो याचा अंदाज कोविडच्या लसीने आला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने अवयव ट्रान्सप्लांट झालेल्या लोकांच्या अँटीबॉडी मोजल्या, एमआरएनए लसीच्या पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडली, दुसऱ्या डोसनंतर ५४ टक्क्यांत, आणि मायकोफिनोलेटसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. निरोगी लोकांत दोन डोसनंतर जवळपास सगळ्यांनाच अँटीबॉडी येत होती.

तर यादीत रोजच्या गोळ्या डोससकट लिहा, आणि खाली वेगळ्या ओळीत एटीजी, रिटुक्सिमॅब, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती तयार अँटीबॉडी), प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं), रक्त चढवणं, यातलं जे जे झालं त्याच्या तारखा. ही खालची ओळ लोक लिहीतच नाहीत आणि पुढे रिपोर्टचा अर्थ लावताना तीच लागते.

पायरी ३: ट्रान्सप्लांटच्या आधीची सीरॉलॉजी शोधा

ऑपरेशनच्या आधी पेशंट आणि डोनर दोघांच्या रक्ताच्या व्हायरस टेस्ट, म्हणजेच सीरॉलॉजी, झालेल्या असतात. तो कागद शोधून फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण ट्रान्सप्लांटनंतर या टेस्ट परत केल्या तर त्यांच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. त्यात बघायच्या गोष्टी म्हणजे सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आयजीजी, ईबीव्ही (एपस्टाइन-बार व्हायरस) आयजीजी, हिपॅटायटिस बीचं सरफेस अँटिजन (हा व्हायरसचाच तुकडा), कोअर अँटीबॉडी आणि सरफेस अँटीबॉडी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, आणि असेल तर कांजिण्या आणि गोवराची आयजीजी.

सीएमव्हीची जोडी नीट समजून घ्या. डोनर पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह ही सगळ्यात जोखमीची जोडी, कारण अवयवाबरोबर व्हायरस झोपलेल्या अवस्थेत आत येतो आणि पेशंटच्या शरीराने तो आधी कधी पाहिलेलाच नसतो. दोघंही निगेटिव्ह असतील तर जोखीम सगळ्यात कमी. पेशंट पॉझिटिव्ह असेल तर मधली, कारण अँटीबॉडी असली तरी व्हायरसही आत आहेच आणि गोळ्यांमुळे तो जागा होऊ शकतो. म्हणजे इथे आयजीजी पॉझिटिव्ह असणं म्हणजे सुटका नाही. जोखमीच्या जोडीला व्हॅलगॅनसिक्लोव्हिर ही सीएमव्हीविरुद्धची गोळी देतात, किडनीच्या पेशंटला साधारण सहा महिने, डोस किडनीच्या कामाप्रमाणे. गोळी बंद झाल्यावरचे पुढचे काही महिने जास्त सांभाळायचे, कारण उशिरा येणारा सीएमव्ही बऱ्याचदा तेव्हाच डोकं वर काढतो.

ईबीव्हीतही डोनर पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह हीच जोडी त्रासाची, त्यातून लिम्फोमासारखा पीटीएलडी नावाचा आजार होऊ शकतो, लहान मुलांत ही जोडी जास्त सापडते. बेलाटासेप्ट तर ईबीव्ही निगेटिव्ह माणसाला देतच नाहीत. आणि पेशंट तान्हं बाळ असेल तर पॉझिटिव्ह आयजीजी आईकडून आलेली असू शकते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

पायरी ४: ताप आला, आता काय मागायचं

आधी ताप म्हणजे काय ते ठरवा. स्टेरॉइड आणि बाकी गोळ्यांमुळे ताप चढतच नाही असंही होतं, म्हणून १००.४ फॅरनहाइट दिसला की थांबायचं नाही, टीमला फोन. ताप नसताना नुसता थकवा, जुलाब, धाप, क्रिएटिनिन किंवा लिव्हर एन्झाइम वाढणं, पांढऱ्या पेशी कमी होणं, हेसुद्धा व्हायरसचं लक्षण असू शकतं.

टेस्टचा नियम एका वाक्यात सांगायचा तर व्हायरस आत्ता आहे का हे बघायला पीसीआर (व्हायरसचा डीएनए किंवा आरएनए थेट शोधणारी टेस्ट), आणि पूर्वी कधी होता का हे बघायला आयजीजी. आयजीएमवर फार वेळ घालवू नका, ट्रान्सप्लांटवाल्यांमध्ये ती येतच नाही, उशिरा येते, किंवा उगाच पॉझिटिव्ह राहते. निरोगी माणसात दोन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन सॅम्पल घेऊन अँटीबॉडी चौपट वाढली का बघतात, इथे ती वाढ होईलच याची खात्री नाही आणि तेवढी वाट बघायला वेळही नसतो.

आता एकेक व्हायरस घेऊ, सगळ्यांवर सारखं बोलायची गरज नाही.

सीएमव्ही: रक्ताची पीसीआर, आणि शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडाही थोडा इकडेतिकडे होतो आणि मग खरंच वाढला की लॅबमुळे वाढला ते कळत नाही. एका आकड्यापेक्षा आठवड्यागणिक चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. आणि हो, पोटातल्या सीएमव्हीत कधीकधी रक्तातली पीसीआर निगेटिव्ह येते, तेव्हा जुलाब थांबत नसतील तर स्कोपी आणि बायोप्सीबद्दल विचारा.

बीके व्हायरस: किडनीवाल्यांनी याच्याकडे खास लक्ष द्यायचं. १९७१ साली एका किडनी ट्रान्सप्लांट पेशंटच्या लघवीत हा सापडला, नाव त्याच्याच आद्याक्षरांवरून पडलं. बहुतेक मोठ्या माणसांत याची आयजीजी असतेच, त्यामुळे ती टेस्ट करून रोजच्या कामात काहीच हाती लागत नाही. रक्ताची पीसीआर ठरावीक अंतराने करतात, पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि मग दोन वर्षं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी असं वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी पाळतात. याच्यावर खात्रीचं औषध नाही, मुख्य उपाय म्हणजे इम्युनोसप्रेशन (इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्यांचा जोर) मोजून कमी करणं, आणि ते मोजणं डॉक्टरांचं काम.

पार्व्हो बी १९: हिमोग्लोबिन खाली चाललंय, आयर्न ठीक आहे, रेटिक्युलोसाइट (नव्याने बनलेल्या लाल पेशी) अगदीच कमी आहेत आणि कारण सापडत नाही, अशा वेळी पार्व्होची पीसीआर झाली का हे जरूर विचारा. आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून हा आजार बाजूला टाकला जातो आणि पेशंटला रक्तावर रक्त चढत राहतं. यावर आयव्हीआयजी देतात, म्हणजे जी अँटीबॉडी शरीराला बनवता येत नाही तीच दुसऱ्यांकडून आणून द्यायची.

हिपॅटायटिस ई: हा आजार आपोआप बरा होतो असंच पूर्वी सगळे धरून चालायचे, पण २००८ मध्ये फ्रान्समधल्या टूलूझच्या डॉक्टरांनी दाखवलं की ट्रान्सप्लांटवाल्यांत तो क्रॉनिक होऊ शकतो. मुख्यतः जिनोटाइप ३ हा त्या व्हायरसचा प्रकार असं करतो. लिव्हर एन्झाइम महिनोन्महिने थोडे वाढलेले असतील तर अँटीबॉडी निगेटिव्ह असली तरी आरएनए टेस्ट (पीसीआरसारखी, व्हायरस थेट शोधणारी) करायची. नुसतं इम्युनोसप्रेशन कमी करून सुमारे एक तृतीयांश लोकांचा व्हायरस जातो, बाकीच्यांना रिबाव्हिरिन हे अँटीव्हायरल देतात.

हिपॅटायटिस सीमध्ये उलटा गोंधळ होतो, औषधाने पूर्ण बरं झाल्यावरही अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे तिथे आरएनएच बघायचं. हिपॅटायटिस बीमध्ये कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर व्हायरस लिव्हरमध्ये दबून बसलेला असू शकतो, तो परत उठतोय का हे सरफेस अँटिजन आणि डीएनए टेस्टने कळतं. इथे सरफेस अँटीबॉडीचा आकडा हळूहळू घसरत असेल तर ते टीमच्या कानावर घाला.

पायरी ५: पॉझिटिव्ह आलं तरी लगेच खूश होऊ नका

आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणजे ती पेशंटनेच बनवलीय असं नाही. आयव्हीआयजी हजारो डोनरच्या प्लाझ्मापासून बनतं, ते दिल्यावर पेशंटच्या रक्तात कितीतरी व्हायरसच्या आयजीजी दिसतात, आणि त्या निम्म्या व्हायलाच साधारण तीन ते चार आठवडे लागत असल्याने काही महिने रिपोर्ट फसवत राहतो. रक्त किंवा प्लाझ्मा चढवला तरी थोडंफार तसंच. हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर बदललेल्या लोकांना एचबीआयजी (हिपॅटायटिस बीविरुद्धची तयार अँटीबॉडी) देतात, त्यांच्या सरफेस अँटीबॉडीचा आकडा त्या इंजेक्शनचा, त्यांच्या इम्युनिटीचा नाही. आणि याच्या उलट, प्लाझ्मा एक्स्चेंजनंतर खरी अँटीबॉडीसुद्धा धुऊन निघते. पायरी २ मधल्या तारखा इथे कामी येतात. म्हणून सॅम्पल ही औषधं देण्याच्या आधी घ्यायचं, नंतर नाही.

कोविडच्या बाबतीत स्पाइकची (व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांची) अँटीबॉडी लसीनेही येते आणि इन्फेक्शननेही. न्यूक्लिओकॅप्सिडची (व्हायरसच्या आतल्या प्रोटीनची) अँटीबॉडी एमआरएनए किंवा व्हेक्टर लसीने येत नाही, म्हणजे ती दिसली तर इन्फेक्शन होऊन गेलंय असं धरतात. पण निष्क्रिय केलेला आख्खा व्हायरस असलेली लस घेतली असेल तर हा हिशोब चालत नाही, आणि ट्रान्सप्लांटवाल्याला कोविड होऊन गेला तरी न्यूक्लिओकॅप्सिड निगेटिव्ह राहू शकते.

पायरी ६: आकडा वाचायचा कसा

ज्या आकड्यांना खरंच अर्थ आहे असे थोडेच आहेत. हिपॅटायटिस बीची सरफेस अँटीबॉडी १० मिली इंटरनॅशनल युनिट प्रति मिलीलीटरच्या वर हवी, हा जुना आणि मान्य कटऑफ. रेबीजमध्ये ०.५ इंटरनॅशनल युनिट प्रति मिलीलीटर. कुत्रा चावला तर ट्रान्सप्लांटवाल्याने जखम साबणाने धुवून लगेच जायचं, लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागतं हे सांगायचं, लसीचा कोर्स निरोगी माणसापेक्षा मोठा असू शकतो, आणि शेवटी अँटीबॉडी खरंच आली का ते मोजायला सांगायचं. इथे ती टेस्ट हट्टाने मागण्यासारखी आहे.

कोविडमध्ये मात्र "इतका आकडा म्हणजे सेफ" असं काही ठरलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लसीनंतरची इम्युनिटी ठरवायला अँटीबॉडी टेस्ट वापरू नका. वेगवेगळ्या किटची युनिट वेगळी, व्हायरसचा व्हेरियंट बदललेला, आणि टी सेलचं काम या टेस्टमध्ये दिसतच नाही. ग्रुपवर कुणीतरी २५०० चा रिपोर्ट टाकतो आणि ८० वाला घाबरतो, दोघांची मशीनच वेगळी असते.

वारंवार इन्फेक्शन होत असेल तर आणखी एक साधी टेस्ट विचारा, एकूण आयजीजी. ४०० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल तर ती फार कमी मानतात, आणि अशा वेळी व्हायरसची वेगळी आयजीजी निगेटिव्ह आली तर त्यात नवल काय.

पायरी ७: लस, आणि ती कधी

सगळ्यात चांगली वेळ ट्रान्सप्लांटच्या आधीची. वेटिंगवर नाव लागलं की लसीची यादी सुरू करा, अवयव कधी मिळेल सांगता येत नाही आणि हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण व्हायला महिने जातात, डायलिसिसवाल्यांना तर डोस दुप्पट देतात कारण तेव्हाच प्रतिसाद कमी झालेला असतो. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत व्हायरसच्या, त्या ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी, नंतर साधारणपणे नाहीच.

नंतरच्या काळात निष्क्रिय लसी चालतात. पहिले काही महिने औषधं जोरात असतात म्हणून बहुतेक लसी तीन ते सहा महिन्यांनी देतात, फ्लूची साथ असेल तर ती लस महिन्यानंतरही देतात, दर वर्षी घ्यायची, नाकात मारायचा स्प्रे मात्र नको. नागिणीची रिकॉम्बिनंट लस चालते, दोन डोस. रिटुक्सिमॅब दिलं असेल तर निदान सहा महिने थांबून लस घेतलेली बरी, नाहीतर बनवायला बी सेलच नसतात.

एका डोसने काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका. टूलूझमध्येच १०१ ट्रान्सप्लांटवाल्यांना कोविड लसीचा तिसरा डोस दिला तेव्हा अँटीबॉडी असणारे ४० टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. पण म्हणजे तीन डोसनंतरही जवळपास एक तृतीयांश कोरडेच राहिले, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी लस घेणं इथे खरं महत्त्वाचं. त्यांनी गोवर आणि कांजिण्यांची लस घेतली तरी चालते, तोंडावाटे देतात ती पोलिओची लस मात्र टाळायची.

लस लागावी म्हणून मायकोफिनोलेट चार दिवस बंद ठेवलं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. यावर अभ्यास झालेत, पण निवडक पेशंटमध्ये आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. स्वतःहून गोळी बंद केली आणि रिजेक्शन आलं तर ती अँटीबॉडी काय कामाची.

पायरी ८: इन्फेक्शन झालंच तर, किंवा कुणाच्या संपर्कात आलात तर

घरात कांजिण्या किंवा गोवर निघाला आणि पेशंट जवळ होता, तर लक्षणांची वाट बघू नका. तयार अँटीबॉडी देण्याची मुदत असते, गोवरासाठी सहा दिवस, कांजिण्यांसाठी दहा दिवस, आणि जितक्या लवकर तितकं बरं. इथे पायरी ३ मधला कागद दाखवा.

कोविडसाठी तयार अँटीबॉडीची गोष्ट थोडी वेगळी झाली. टिक्सॅगेव्हिमॅब आणि सिलगॅव्हिमॅबची जोडी, एव्हुशेल्ड, डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत तातडीच्या वापरासाठी मंजूर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबवली, कारण नवीन व्हेरियंट तिला जुमानेनात. म्हणून असं इंजेक्शन कुणी सुचवलं तर ते सध्याच्या व्हेरियंटवर चालतं का, हे विचारा.

अँटीव्हायरलच्या बाबतीत एक धोका मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा, पॅक्सलोव्हिड या कोविडच्या गोळीत रिटोनाव्हिर असतं आणि ते टॅक्रोलिमसची लेव्हल काही दिवसांतच कितीतरी पट वर नेतं. सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हरोलिमस यांचंही तेच. बाहेरच्या डॉक्टरने लिहून दिलं तरी ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय पहिली गोळीही नको, ते रेमडेसिव्हिरसारखा दुसरा पर्याय देतील नाहीतर टॅक्रो थांबवून लेव्हल बघत देतील.

शेवटी घरी वेगळं किती दिवस राहायचं, तर बाकीच्यांचे पाच-सात दिवस इथे लावू नका. अँटीबॉडी उशिरा किंवा कमी येते म्हणून व्हायरसही जास्त दिवस, कधी आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो, तेव्हा वेगळं राहणं कधी संपवायचं हे टीम टेस्ट बघून सांगेल, आणि पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना अजून पॉझिटिव्ह आहे हे आधीच फोन करून कळवा, कारण त्या ओपीडीत बसलेले सगळे आपल्यासारखेच गोळ्यांवरचे असतात.